गोव्यात गोधडी लागते ती पावसात

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या पत्रांच्या पानावर एका ज्येष्ठ वाचकांचं गोधडीवरचं पत्र आलं होतं. त्यांचे मुद्दे दोन. गोव्यात थंडी पडतेच कुठे, मग हल्ली गोधड्या शिवून घ्यायचं हे खूळ कशासाठी, हा एक. आणि यंत्रावर शिवलेली ती गोधडीच नव्हे, गोधडी म्हणजे आईच्या हातची, हा दुसरा. त्यांच्या आईविषयीचा मजकूर वाचताना माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? पण हे खूळ पसरवणाऱ्यांतलीच मी एक. प्रियोळला राहत्या घरात माझं लाँगआर्म मशीन आहे आणि गेली नऊ वर्षं मी लोकांच्या गोधड्या शिवून देते. तेव्हा उत्तर देणं आलं. लगेच दिलं नाही, कारण मधले आठ दिवस त्याच मशीनने माझा जीव खाल्ला. ते पुढे येईलच.

थंडीचं आधी. जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा विसाच्या आसपास उतरतो आणि तेवढ्याला चादर पुरते, हे वाचकांचं म्हणणं मान्य. पण गोव्यात गोधडी थंडीत लागतच नाही, ती लागते पावसात. जुलैत सलग चार दिवस झड लागली की कौलारू घराच्या भिंती ओल धरतात, गादी गार पडते, उशीला कुबट वास मारतो आणि पहाटे तीनला पाय आपोआप पोटाशी येतात. अशा वेळी ब्लँकेट घ्या, ते दमट होऊन अंगाला टोचतं. जाड रजई घ्या, घाम फुटतो. जुन्या लुगड्यांची चारपदरी गोधडी मात्र गारठा आत येऊ देत नाही आणि उकडूही देत नाही. आमच्या सासूबाईंच्या पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीत, सोलं, मिरच्या, सुके बांगडे, उकडे तांदूळ, चुलीची लाकडं यांच्या जोडीला गोधड्याही असायच्या. मे महिन्यात सगळ्या गोधड्या अंगणात उन्हात पडायच्या, फाटलेल्यांवर एखाद्या विरलेल्या लुगड्याचा नवा पदर चढायचा, आणि मिरगापूर्वी सुईदोरा डब्यात जायचा. पावसात शिवत बसायचं नाही असा त्यांचा दंडक होता. का, ते मी कधी विचारलं नाही. मशीन घेतल्यावर पहिल्याच आषाढात कळलं.

लाँगआर्म म्हणजे काय, हे मला दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं, तर इथेही सांगते. साध्या शिलाई मशीनवर आपण सुईखाली कापड सरकवतो. इथे कापड ताणलेलं, जागच्या जागी, आणि मशीन त्याच्यावरून फिरतं. दहा फुटांची फ्रेम, तिच्यावर कापड गुंडाळायचे आडवे दांडे, आणि रुळांवर चाकांनी धावणारं मशीनचं डोकं. सुईपासून मागच्या खांबापर्यंत माझ्या मशीनला अठरा इंचांची पोकळी आहे, म्हणून ते लांब हाताचं. दोन मुठी धरून मी ते ढकलते, रस्त्यावर हातगाडी ढकलतात तसं, फक्त ही गाडी जाईल तिथे वेली उमटतात. हात जोरात गेला तर सुई जोरात, हात थांबला की सुई थांबते. इंचाला दहा टाके लावून ठेवले की वळणावरही दहाच पडतात. नक्षीचा लांब कागद मागच्या टेबलावर पसरायचा, मशीनला लावलेल्या दिव्याचा लाल ठिपका त्या कागदावरच्या रेषेवर ठेवून चालायचं, म्हणजे पुढे कापडावर तीच नक्षी शिवली जाते. अर्धा वेळ मी गोधडीकडे बघतच नाही, कागदाकडे बघते. हे सांगितलं की लोकांना उगीचच फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

माझी मुलगी पेन्सिल्व्हेनियात असते. नातीच्या वेळी मी पाच महिने तिथे होते आणि शेजारच्या बाईंच्या तळघरात हे मशीन पहिल्यांदा पाहिलं. त्या घरबसल्या हाच धंदा करत. त्यांचं वर्ष आपल्यापेक्षा वेगळं. सप्टेंबर लागला की नाताळच्या कामांचा ढीग, दारावरच पाटी, अमुक तारखेनंतर आलेली गोधडी नाताळात मिळणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत हातावर हात. हिवाळ्यात घर तापवलेलं, त्यामुळे हवा इतकी कोरडी की कापडाला हात लावला की बारीक चटका बसायचा आणि भरणाचा कापूस बोटांना चिकटून यायचा. त्या खोलीत वाफ सोडणारं यंत्र लावत. मी आता खोलीतलं पाणी ओढणारं यंत्र लावते आणि जुलैत त्याची बादली दिवसातून दोनदा परसात ओतते. धंदा एकच, पण त्यांना हवेत पाणी घालावं लागतं आणि मला ते काढावं लागतं.

परत आल्यावर दोन वर्षं डोक्यात तेच. शेवटी बेंगळुरूच्या एका बाईंनी आपलं जुनं मशीन विकायला काढलं, ते साडेपाच लाखांना घेतलं. माझ्या पाटल्या आणि यांच्या फंडातला हिस्सा. टेम्पो अनमोड घाट उतरून आला तेव्हा आमची जाऊबाई म्हणाली, "वहिनी, एवढ्यात फोंड्याला दुकानाचा गाळा आला असता." आला असता. पण गाळ्यात मला दुपारी झोपता आलं नसतं.

आता पैशांचं बोलते, कारण त्या पत्रात 'हजारोंनी पैसे उकळतात' असा शब्द होता. साठ बाय नव्वद इंचांची गोधडी म्हणजे साडेसदतीस चौरस फूट. सगळीभर एकच नक्षी असेल तर माझा दर फुटाला चाळीस रुपये, म्हणजे पंधराशे. भरण आणि गोट वेगळा. मशीनवर प्रत्यक्ष शिवणं अडीच-तीन तासांचं, ते लोकांना दिसतं. त्याआधीचा तास दीड तास दिसत नाही. अस्तर इस्त्री करायचं, पट्ट्याला टाचण्या लावून दांड्यांवर चढवायचं, भरण पसरायचं, वर तुकड्यांचा पट ठेवायचा, तो काटकोनात आहे की नाही बघायचं. बहुधा नसतो. कडेच्या पट्ट्या न मोजता लावलेल्या असल्या की कड मध्यापेक्षा लांब होते आणि पोळीसारखी फुगते. मग ती फुगीर जागा थोडी थोडी वाटून घेत बसा. नव्वदची बाजू आडवी चढवते, म्हणजे कमी वेळा गुंडाळावं लागतं, साधारण सहा रांगांत काम होतं. एका रांगेला वीस-पंचवीस मिनिटं. ती चुकली तर उसवायला अडीच तास. हा हिशेब मी कोणाला ऐकवत नाही, आज पत्र लिहायला बसले म्हणून ऐकवला.

वर्षाची सुरुवात माझ्या लेखी मार्चमध्ये होते. शिगमो आटोपला की फोन सुरू. "बाय, पावसाआधी मिळेल ना?" एप्रिल-मे दोन महिने सकाळी सहाला फ्रेमपाशी उभी राहते, कारण अकरानंतर घामाने मुठी निसटतात. पांढऱ्या कापडावर मनगटाचा घाम टपकला तर डाग राहतो, म्हणून दोन्ही मनगटांना जुन्या टॉवेलच्या पट्ट्या बांधते. पंखा लावायची सोय नाही, हलकं भरण उडतं. आमचे हे म्हणतात, धंदा शिवणाचा आणि अवतार कुस्तीगिराचा. मेच्या शेवटी दुपारनंतर ढग चढायला लागले की प्लग भिंतीतून ओढून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वीज कडाडली आणि टाक्यांचं गणित सांभाळणारा भाग जळला तर तो परदेशातून मागवावा लागतो.

याच दिवसांत लोक कपाटं उपसतात आणि माझ्याकडे गाठोडी येतात. आईची लुगडी, आजोबांची धोतरं, नाटकातला शालू (तो मी परत पाठवते, जरीची तार सुईखाली टिकत नाही), बाळाची दुपटी. मडगावला पुरुमेंताच्या फेस्ताला निघालेल्या एक बाई वाटेत थांबून गाठोडं टाकून गेल्या आणि येताना मला मिरच्यांची वेणी देऊन गेल्या, आगाऊ रक्कम म्हणून. मी ती खात्यात धरली.

जुनं लुगडं मशीनवर चढवणं नव्या कापडापेक्षा कठीण. ते विरलेलं असतं, टाचणीला ताण बसला की टर्रकन फाटतं. म्हणून आधी चारही बाजूंनी नव्या मांजरपाटाची सहा इंचांची पट्टी जोडून घेते, ताण त्या पट्टीला बसतो. आत भरण म्हणून जुनीच लुगडी घालायची असली, तर ती एकावर एक सरकू नयेत म्हणून हातानेच लांब टाके घालून धरते. म्हणजे हात सुटला असं त्या वाचकांना वाटतं तसं काही नाही. दोन दिवस हाताने टाचायचं तेव्हा कुठे तीन तास मशीन चालतं.

मग पाऊस. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात काम एकदम थांबतं, जसं छत्रीवाल्याचं सुरू होतं तसं. पावसाळ्यात मी नवं काम जवळजवळ घेत नाही. घेतलं तर आधी धुतलेला पट आणू नका म्हणून सांगते, कारण आत ओल राहिलेली गोधडी शिवून घडी घातली की आठ दिवसांत तिच्यावर काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. कापडाच्या कपाटात साठचा जुना पिवळा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवते. कडुनिंबाचा वाळलेला पाला, कापूर, सगळं करून बघितलं. बल्बसारखं काही नाही.

सुयांचं तर विचारू नका. पहिल्या वर्षी जुलैत एक दिवस वीज गेली म्हणून सुई कापडात रोवलेलीच ठेवून मी जेवायला गेले. मग पाहुणे आले. रात्री येऊन बघते तर सुईच्या बुडाशी मोहरीएवढा तांबूस ठिपका. पांढऱ्याशुभ्र अस्तरावर. लिंबू-मीठ लावून तो फिका झाला, गेला नाही. तिथे मी एक फूल भरून दिलं आणि गिऱ्हाइकाला खरं सांगितलं. तेव्हापासून जेवायला उठताना आधी सुई वर, मग मी वर.

आणि आता ते आठ दिवस. डिचोलीच्या एका मुलीचं काम होतं, बाळंतपणाआधी हवं होतं म्हणून पावसात घेतलं. पहिली रांग झाल्यावर वरून हात फिरवला तर पटाच्या बाजूला वळणावळणावर खालच्या दोऱ्याचे बारीक फासे, डोळ्यांच्या पापण्या असाव्यात तसे. याचा अर्थ खालचा दोरा वर ओढला जातोय, ताण जुळत नाही. सुई बदलली. दोरा बदलला. पुन्हा ओवला. वरचा ताण कमी केला तर अस्तराच्या बाजूलाही फासे यायला लागले. हुकाला तेल दिलं, ते तर मी दर बाबिणीला देतेच. टाके उसवले, पुन्हा घातले, पुन्हा पापण्या. सात दिवस हेच. यांनी मेकॅनिकला बोलवायचं सुचवलं, पण हे मशीन उघडणारा माणूस गोव्यात मला अजून भेटलेला नाही, साध्या मशीनचे मेकॅनिक डोकं बघूनच हात जोडतात. आठव्या दिवशी बाबिणीची डबी हातात घेऊन खिडकीशी बसले. डबीवर एक चपटी स्प्रिंग असते, तिच्याखालून दोरा येतो आणि ती दाबते तेवढाच खालचा ताण. पावसाळी हवेत दोऱ्याचा कोंडा उडून जात नाही, चिकटून बसतो. एका जुन्या लग्नपत्रिकेचा कोपरा कापून त्या स्प्रिंगखालून ओढला. उंदराच्या कानाएवढं राखाडी नमद्यासारखं काहीतरी बाहेर आलं. बस. स्प्रिंग तेवढी उचललेली राहत होती, म्हणून खालचा दोरा सैल आणि वरचा त्याला ओढून नेत होता. डबी परत लावली, चिंधीवर दोन वळणं काढली, पालथी करून बघितली. दोन्हीकडून सारखी. त्या पत्रिकेचं जोडपं सुखात असो.

असाच कोंडा चाकांत बसतो. दोऱ्याचा एवढासा तुकडा चाकाखाली आला की सरळ रेषेत चाललेलं मशीन ठेच लागल्यासारखं उडी घेतं आणि ती उडी कापडावर कायमची उमटते. म्हणून रोज सकाळी देवाची फुलं काढायच्या आधी मी रूळ पुसते. सासूबाई असत्या तर बोलल्या असत्या.

श्रावण सरत आला की घरात दुसरा पेच. आमच्या घरात दहा फुटांची फ्रेम मावेल अशी एकच खोली, मधली लांब, आणि गणपती बसतो तोही तिथेच, पणजोबांपासून. गणपतीवर फळं टांगतात त्या माटोळीचे आकडे नेमके फ्रेमच्या डोक्यावर. पहिल्या वर्षी मी म्हटलं, फ्रेम भिंतीला सरकवूया आणि वर चादर घालूया. दीर काही बोलले नाहीत, नुसते छताकडे बघत राहिले. तेव्हापासून दरवर्षी चवथीच्या आठ दिवस आधी सगळं उतरवतो. डोकं पंचवीस किलोचं, ते हे आणि पुतण्या मिळून उचलतात आणि माझ्या पलंगावर झोपवतात. गणपती जाईपर्यंत मी जमिनीवर. वर सुपारीचे घोस, तवशी, निरफणस, कांगलां लटकतात, आणि कोणी पाहुणा विचारतो, "तुमचं ते मशीन कुठे गेलं?" मी आतल्या खोलीकडे बोट दाखवते, कोणी आजारी असल्यासारखं.

उतरवणं सोपं, उभं करणं जिकिरीचं. आमची जमीन लाल कोब्याची, शंभर वर्षांत तिला तिच्या आवडीचे उतार आलेत. फ्रेम केसभर जरी कलली तरी डोकं आपोआप उताराकडे जातं आणि वर्तुळ काढायला जावं तर अंडं निघतं. बाजारातली छोटी लेव्हल दहा फुटांना पुरत नाही. गवंड्याची पाणसळ आणते, पारदर्शक नळीत पाणी भरलेली, एक टोक ह्यांच्या हातात, एक माझ्या. "वर." "अजून." "थांबा." "खाली." नवरा-बायकोची सहनशीलता मोजायलाही हे साधन चांगलं. सगळे पाय जुळले की रात्री डोकं मधोमध सोडून ठेवायचं आणि सकाळी बघायचं. हललं नसेल तर काम सुरू. मागच्या वर्षी तीन रात्री लागल्या.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा दुसरा हंगाम. ऊन पुन्हा कडक, हवा हळूहळू कोरडी, दोरा गुणाने वागतो. दिवाळीपर्यंत लग्नाचे आहेर, आणि दिवाळी झाली की नाताळाची कामं. आखातातून, लंडनहून माणसं घरी यायची असतात. "बाय, नाताळापयलीं मेळटली न्हय?" असं विचारणाऱ्या सगळ्यांना मी तीस नोव्हेंबर सांगते आणि मनात वीस डिसेंबर धरते. हे छापलंत तर पुढल्या वर्षापासून मला ते चालणार नाही, पण असू दे. जानेवारी-फेब्रुवारी जत्रांचे. तेव्हा मी मशीन पूर्ण साफ करते, हिशेब लिहिते, म्हाळसेच्या आणि मंगेशीच्या देवळात निवांत जाऊन येते.

राहिला यंत्र आणि हात यांचा प्रश्न. तो काही आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या पाडुका गावी दरवर्षी गोधड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या गोधडीला सर्वोच्च बक्षीस मिळालं. यंत्राने शिवलेल्या गोधडीला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. बरीच कुरबुर झाली. ते मशीनही साधं घरचं, लाँगआर्म नव्हे. आमच्या पेन्सिल्व्हेनियाच्या शेजारीणबाई ही गोष्ट रंगवून सांगत. त्यांच्याच भागात आमिश बायका अजूनही चौकटीभोवती बसून हाताने टाके घालतात, आणि आमच्या बाई त्यांच्या कामापुढे मान तुकवत.

मीही तुकवते. आपल्याला फार लांब जायलाही नको. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी कितीतरी जण घाट चढून पळाले. त्यांचे वंशज सिद्दी लोक आज उत्तर कन्नडात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे आहेत. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. खाली एक साडी अंथरून तिच्यावरच तुकडे ठेवत जायचं, कडेपासून सुरुवात करून फेऱ्या घालत मध्याशी यायचं. वेगळा वरचा पट नसतोच. कोपऱ्यांना घडी घातलेल्या चिंध्यांची तिकोनी फुलं, त्यांना 'फुला' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी पणजीच्या एक बाई अशी एक कवंदी घेऊन आल्या, ठिकठिकाणी उसवलेली, म्हणाल्या वरून मशीन फिरवून पक्की करून द्या. मी नाही म्हटलं. तिच्यावर माझी वेलबुट्टी चालवणं म्हणजे जुन्या पोथीवर बॉलपेनने गिरवण्यासारखं. तीन आठवडे बसून हातानेच टाके बुजवले. पैसे मशीनच्या दराने मिळाले, ते जाऊ द्या.

उलट एक चूकही सांगते. एका बाईंनी आजीचं कुणबी कापड आणलं होतं, तांबडं, पांढऱ्या रेघांचं, आणि त्याचे चौकोन पांढऱ्या खादीत बसवून पट केलेला. सुरेख दिसत होता. मी नक्षीच्या खुणा पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनने केल्या, शिवलं, आणि खुणा घालवायला पाणी मारलं. निळं गेलं, तांबडं पसरलं. एका कोपऱ्यावर आधी थेंब टाकून बघायला हवं होतं, तेवढं मला कळायला हवं होतं. गार पाण्याच्या अकरा बादल्या केल्या तरी खादीवर गुलाबी झाक राहिलीच. पैसे घेतले नाहीत. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत, मडगावच्या बाजारात एकदा दिसल्या तेव्हा मीच भाजीच्या गाड्याआड झाले. हाताने शिवणारीने खुणा केल्याच नसत्या, नजरेने गेली असती. एवढं मी त्या वाचकांच्या बाजूने मान्य करते.

पण त्यांच्या आईसारख्या हाताने शिवणाऱ्या बायका माझ्या मशीनने संपवल्या, हे मात्र मान्य नाही. माझं मशीन येण्याच्या कितीतरी आधी घराघरांत लुगडी जाऊन नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या आल्या. ते कापड जुनं झालं तरी मऊ होत नाही, घाम शोषत नाही, सुईला दाद देत नाही. फाटलेल्या साडीची गोधडी करायची सोयच उरली नाही, मग सुई धरायची कशाला? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाठोड्यांत आई-आजीने हाताने जोडून ठेवलेला अर्धा पट असतो, डोळे गेले किंवा माणूस गेलं म्हणून तसाच राहिलेला. सुईसुद्धा कधी कधी तशीच टोचलेली. ती मी काढून वेगळ्या डबीत ठेवते आणि गोधडीसोबत परत देते.

महिला दिनाला आमच्यासारख्यांचे फोटो छापून येतात, सुईदोऱ्यातून स्वावलंबन वगैरे. गिऱ्हाईक वाढतं, तक्रार नाही. पण उपयोगाची गोष्ट कोणीच छापत नाही. तेव्हा आज एवढं छापा: अस्तर चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त आणा. साठ बाय नव्वदच्या पटाला अडुसष्ट बाय अठ्ठ्याण्णव. नऊ वर्षं सांगतेय, दहातले सात जण तंतोतंत मापाचं आणतात. आणि पेनच्या निळ्या खुणांवर इस्त्री फिरवून आणू नका, त्या मग कशानेच जात नाहीत.

येत्या रविवारी फ्रेम उतरतेय. पुढचं काम आमचा पाच दिवसांचा गणपती गेल्यावर आणि पाणसळ मनासारखी बसल्यावर.

आपली,
एक वाचक, प्रियोळ (फोंडा)

ता.क.: त्या वाचकांनी लिहिलंय की आईची गोधडी कपाटात आहे आणि तिला वास येऊ लागलाय, ती धुवायला टाकणार आहेत. त्यांना कृपया कळवा, आत्ता नको. या हवेत ती आतून वाळणार नाही. कपाटातून काढून खुर्चीच्या पाठीवर मोकळी टाका, पंखा चालू ठेवा, आणि ऑक्टोबरचं ऊन येईपर्यंत थांबा. धुताना मशीनमध्ये नको, टबात गार पाण्यात, न पिळता.